लिनार्दोसच्या सावलीची दोरी

ही घडलेली गोष्ट आहे. मी जुन्या घरांची मापं घेणारी बाई. तीस वर्षं तेच करतेय. एक सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला तर मला घास गोड लागत नाही. बनवून सांगायचं असतं, तर सगळं नीट जुळवून सांगितलं असतं.

इथे काहीच जुळत नाही.

आणि यात रात्र नाही. आमच्या सिरोस बेटावर रात्री सगळे जागे असतात. जेवतात, भांडतात, गातात. सामसूम असते ती दुपारी, अडीच ते साडेपाच. त्या वेळात कुणी हातोडा मारत नाही. कुणाचं दार वाजवत नाही.

जे झालं ते त्याच वेळात झालं.

मेचा दुसरा मंगळवार होता. बेटाच्या बंदरावरच्या एर्मूपोली शहरात समुद्राच्या अगदी कडेला कप्तानांच्या घरांची रांग आहे, त्यातलं एक तीनमजली घर. आता त्याचं हॉटेल होणार होतं. मी नकाशे काढत होते आणि माझा मोठा भाऊ लिनार्दोस गवंडीकाम करत होता.

हे शहर दोनशे वर्षांपूर्वी खियोस बेटावरच्या कत्तलीतून जीव वाचवून आलेल्या लोकांनी उभं केलं. उघड्या किनाऱ्यावर, चाळीसेक वर्षांत. संगमरवरी जिने, रंगवलेली छतं, थिएटर, सगळं. ते ऑर्थोडॉक्स, आम्ही टेकडीवरच्या गावचे कॅथलिक, पोपला मानणारे. आमच्या पणजोबांनी आधी वरून नुसतं बघितलं, मग त्यांच्याच भिंती लिंपायला खाली उतरले. आम्ही अजून उतरतोय. रोज सकाळी, गुडघे दुखत असताना.

त्या घरात एक भेग होती. आत शिरल्यावर जिन्याशेजारच्या भिंतीत, खालपासून वरपर्यंत. लिनार्दोसने ती तीनदा बुजवली.

तीनदा ती पुन्हा उघडली.

"या घराला माझा हात मानवत नाही," तो म्हणायचा. "पोपच्या माणसाचा चुना लागतोय ना!"

त्या मंगळवारी माझं लेझरचं यंत्र पायऱ्यांवरून पडून बंद पडलं. घराची उंची राहिली होती आणि ऑफिसला नकाशा संध्याकाळी हवा होता. म्हणून मी जुनी युक्ती केली. घराची सावली मोजायची, शेजारी उभ्या माणसाची सावली मोजायची, माणसाची उंची माहीत असली की घराची निघते. लिनार्दोसची उंची मला पाठ. एक मीटर एकाहत्तर. माझीही तेवढीच.

"उभा राहा रे जरा."

"पुतळा करतेस का माझा? मग पोट आत घेतो."

टेप घराच्या सावलीवर पसरलेला होता. म्हणून मी त्याच्याच खिशातली ओळंब्याची दोरी घेतली आणि त्याच्या टाचेपासून सावलीच्या डोक्यापर्यंत धरली. तिथे गाठ मारून दोरी तोडली.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. बाहेरच्या वाऱ्यात काही ऐकू येईना म्हणून मी आत गेले. बोलता बोलता दोरी गुंडाळून समोर दिसलेल्या भोकात खोचली.

ते भोक त्या भेगेतलं होतं.

फोनवरची बोलणी खाऊन मी तशीच जेवायला गेले. लिनार्दोसने अडीचच्या आत काम उरकायचं म्हणून चुना भरला आणि भेग बुजवली. त्याने दोरी पाहिली नाही. माझ्या ध्यानात राहिली नाही.

संध्याकाळी समोरच्या किरा-अर्गिरोने मला खिडकीतून हाक मारली. पंच्याऐंशीची बाई, सगळ्या गल्लीवर डोळा.

"कारोलिना, दुपारी भावाची सावली मोजत होतीस ना? दोरी कुठेय?"

मी बॅग बघितली. खिसे बघितले.

आणि मग आठवलं...

"भिंतीत राहिली बहुतेक," मी म्हणाले.

तिने छातीवर क्रूस काढला. "अगं, गवंड्याच्या घरची तू! पूर्वी घर टिकावं म्हणून गवंडी काय करायचे, ठाऊक नाही तुला? वाटसरूची सावली चोरून मोजायचे आणि दोरी भिंतीत चिणायचे. घर उभं राहायचं. माणूस चाळीस दिवसांत जायचा."

ठाऊक होतं. आजोबांकडून ऐकलं होतं. म्हणूनच तर आमच्यात कुणी गवंड्याच्या कामाजवळ फार वेळ उन्हात उभं राहत नसे.

लिनार्दोसने हसण्यावारी नेलं. "जन्म गेला दुसऱ्यांची घरं सांभाळण्यात. एक तरी घर मला सांभाळू दे."

भिंत तेव्हाच फोडायला हवी होती. पण मी दमले होते, नकाशा राहिला होता, आणि पुन्हा चुना, पुन्हा राडा... मी कंटाळा केला. तो कंटाळा मी अजून स्वतःला माफ करू शकलेले नाही.

भेग मात्र पुन्हा उघडली नाही.

नवव्या दिवशी मी वरच्या दिवाणखान्यात छताची चित्रं उतरवून घेत होते. दुपारचे तीन. बाहेर चिटपाखरू नाही.

खालून थापीचा आवाज आला.

सर्र... सर्र... थापी भिंतीवर फिरते तसा. लिनार्दोसचा हात मी ओळखते. दोन लांब, एक आखूड.

"अरे, झोपायला गेला नाहीस?"

मी खाली आले. कुणीच नव्हतं. त्याची थापी धुऊन खिडकीत ठेवलेली, कोरडी ठणठणीत. मी त्याला फोन लावला. तो वर टेकडीवर, घरी, झोपेतून उठला.

"काय गं, भूकंप झाला का?"

"काही नाही. झोप तू."

तो जांभई देत होता आणि माझ्या समोरच्या भिंतीतून...

सर्र... सर्र... सर्र.

मी बॅग तिथेच टाकून बाहेर पळाले.

त्यानंतर तो थकत गेला. आधी पायऱ्यांवर दोनदा बसायचा, मग चारदा. डॉक्टर म्हणाले, वय आहे, धूळ आहे, सिगारेट आहे. सगळं खरं होतं. समोर बडीशेपेचं सॉसेज असूनही ताट सरकवायला लागला, तेव्हा मात्र मी घाबरले. तो जेवण सोडणारा माणूस नव्हता.

तिसाव्या दिवशी आम्ही घरी चढत होतो. ऊन पाठीवर. आमच्या सावल्या पुढच्या पायरीवर शेजारी शेजारी पडलेल्या.

माझी लांब होती. त्याची वीतभर आखूड...

तरुणपणापासून आमच्या सावल्या सारख्या. मी त्याला सरळ उभं केलं. जागा बदलली. त्याला माझ्या जागी आणलं. तरीही आखूडच. मी टेप काढून त्याची उंची घेतली. एक मीटर एकाहत्तर.

तोही बघत होता.

"तुझी सावली माझ्या वाटचं जेवतेय वाटतं," तो म्हणाला. पण हसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हातोडा आणि छिन्नी घेऊन त्या घरात शिरले. शांततेची वेळ होती. पहिल्याच घावाला किरा-अर्गिरोची खिडकी उघडली. ती ओरडेल असं वाटलं. ती नुसती बघत राहिली.

चुना निघाला. भोक उघडलं.

आत दोरीची खूण होती. ओल्या चुन्यात दाबलेली, वेटोळ्यासकट. प्रत्येक पीळ दिसत होता, मी मारलेली गाठसुद्धा दिसत होती.

दोरी नव्हती.

मी बोटं घालून शोधलं. मोबाईलचा उजेड टाकला. भोक चारी बाजूंनी बंद होतं, उंदीर जाईल एवढीही फट नव्हती. नखांतून रक्त येईपर्यंत खरवडलं. मग तिथेच जिन्यावर बसून रडले.

लिनार्दोस मागून कधी आला कळलं नाही. भिंतीला धरून उभा होता.

"नाही ना आत? मग झालं तर," तो म्हणाला. "सुटलो मी. ऊठ, तोंड धू. केवढा पसारा केलास! कुणी शिकवलं तुला छिन्नी धरायला?"

त्याने चुना कालवला. दम खात खात भोक बुजवलं आणि शेवटी तळहाताने गुळगुळीत केलं. मी त्याला अडवलं नाही. आत काहीच नव्हतं, मग अडवायचं कशासाठी?

ते त्याचं शेवटचं काम.

सदतिसाव्या दिवशी दुपारी तो जेवून झोपला. साडेपाचला मी कॉफी ठेवली. हाक मारली. पुन्हा मारली. आत गेले तेव्हा पंखा चालू होता आणि त्याचे हात गार होते.

डॉक्टरांनी हृदय लिहिलं. किरा-अर्गिरो काठी टेकत सगळी टेकडी चढून आली, मला मिठी मारली, आणि दोरीबद्दल एक अक्षर बोलली नाही. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

हॉटेलचं काम संपत आलंय. शेवटची मापं तपासायला मला जावंच लागलं. मागच्या आठवड्यात, दुपारी. मजूर झोपायला गेलेले. मी मुद्दामच ती वेळ निवडली, आणि बॅगेत छिन्नी घेतली.

भिंतीत एक केसभरही भेग नाही. एवढं सरळ काम त्याने जन्मात केलं नव्हतं. मी हात लावला. जिन्यावर ऊन येत नाही, तरी तेवढीच जागा कोमट होती.

मला भीती वाटली नाही. फार थकवा आला. मी कपाळ टेकलं.

"लिनार्दो," मी म्हणाले, "चल ना वर घरी. मी फोडते भिंत. या वेळी कंटाळा नाही करणार."

मी छिन्नी काढली. टोक भिंतीला लावलं, हातोडा उचलला...

आणि अगदी जवळून, भिंतीच्या पलीकडे कुणी कपाळ टेकून बोलावं तसं...

"नको, कारो. अजून ओलं आहे."

त्याचाच आवाज. थकलेला. जरासा रागावलेला, मी कामात मध्येमध्ये करायचे तेव्हासारखा.

मी हातोडा खाली ठेवला. त्याच्या कामाला ते ओलं असताना मी कधी हात लावलेला नाही. तेव्हापासून रोज दुपारी जाते. जिन्यावर बसते. लोक म्हणतात, दमलीस, विश्रांती घे. खरंय, दमले आहे. पण छिन्नी बॅगेतच असते.

एवढासा चुना वाळायला तीन आठवडे पुरतात.

त्याने ते भोक बुजवून चार महिने झाले. रोज विचारते. तो तेच सांगतो.