थकल्याला उशी

मेम्फिसचे प्रेस्कॉट साहेब तिसऱ्यांदा आले, तेव्हा मी कामाच्या टेबलावरच दुपारचे बीन्स निवडत होते. त्यांना हॉटेलच्या भिंतींवर लावायला आमच्या छापखान्याची लाकडी अक्षरं हवी होती. सगळीच्या सगळी.

"मिस आयडा, असं झिजलेपण मुद्दाम करून येत नाही," ते 'आर' कुरवाळत म्हणाले.

"कसं येईल? चाळीस वर्षं माझ्या नवऱ्यानं घासलीत ती. बोटं काळी होतील हं तुमची."

"मग काय ठरलं?"

"शुक्रवारी सांगते."

खरं तर विकायचं ठरल्यातच जमा होतं. रुफसला जाऊन अकरा आठवडे झाले होते आणि माझ्या हातून एक पोस्टर धड निघत नव्हतं. झिजलेलं अक्षर बुटकं होतं, शाई कागदाला लागत नाही. रुफस त्याच्या बुडाला खळीनं कागदाचा कपटा चिकटवायचा, अंगठा फिरवून बघायचा, मग आणखी अर्धा लावायचा. "थकल्याला उशी द्यावी, आयडा, चुलीत घालू नये." माझा डावा पाय जन्मापासून जरा आखूड. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी त्यानं माझ्या बुटातही तसाच कागद घातला. मेल्यानं विचारलंसुद्धा नाही! चर्चमध्ये मी ताठ चालत गेले आणि उगीचच हसत बसले. तो गेला आणि मी पुन्हा लंगडायला लागले.

गुरुवारी शेवटची ऑर्डर लावली, चर्चमधल्या गाण्यांच्या कार्यक्रमाची. मुद्दामच उशा घातल्या नाहीत. म्हटलं, फिकं उठलं की विकायला मन मोकळं. दुपारचे दोन वाजलेले, बाहेर कापसाच्या जिनाची घरघर. रूळ फिरवला, कागद उचलला.

ठसठशीत काळं उठलं होतं. जुने चरे, टवके जिथल्या तिथे, पण एकही अक्षर दबलेलं नव्हतं.

मी 'आर' उचलून पालथा केला. बुडाला कपटा होता. खळ ओली होती.

सगळ्याच अक्षरांना होते.

कपट्यांवर काळी कड छापलेली होती. ती मी ओळखली. रुफसच्या मयताची खबर मीच छापून न्हाव्याच्या दुकानाच्या काचेला आणि चर्चच्या दाराला लावली होती. एक प्रत इथे खिळ्याला होती. वळून पाहिलं. तिच्यात चौकोनी भोकं होती, कात्रीनं नीट कापलेली. मधलं त्याचं नाव तेवढं शाबूत होतं.

भ्यायले. पण आधी रडू फुटलं.

"अरे, एवढी काळजी होती, तर अकरा आठवडे होतास कुठे?"



शुक्रवारी प्रेस्कॉट साहेबांना सांगितलं, "नाही विकायची." आणि त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले.

"जशी तुमची मर्जी," ते म्हणाले. "पाय मात्र बरा झाला म्हणायचा. आज लंगडत नाही तुम्ही."

त्यांची गाडी वळेपर्यंत मी उभी राहिले. मग पायरीवर बसून डावा बूट काढला.

आत रुफसचं नाव होतं, चार घड्या घालून चिकटवलेलं. खळ अजून वाळली नव्हती.