मिक्सर लावला की बंद पडणारं घर

“मिक्सर लावला की माझं घर बंद पडतं.”

काळेवाडीतल्या आमच्या बॅटरी-इन्व्हर्टरच्या दुकानात रोज नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. पण मिक्सर कडेवर घेऊन आलेला हा पहिलाच. चाकणच्या कंपनीचा निळा शर्ट, केसांत खोबऱ्याचा कीस... मला हसू आवरेना.

“घर कुठंय?”

“बाहेर. नो पार्किंगमध्ये लावलंय. जरा लवकर बघता?”

दुकानासमोर खरंच एक जुनी मिनीबस उभी होती. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, खिडक्यांना पडदेसुद्धा! छतावर सोलर पॅनल, पलंगाखाली बॅटरी. बाहेरून विजेची तार कुठूनच येत नव्हती. आयुष — हे त्याचं नाव — दिवाळीपासून त्यातच राहत होता. शिफ्ट संपली की ताथवड्यात मित्राच्या रिकाम्या प्लॉटवर.

मी इन्व्हर्टर बघितला आणि कपाळावर हात मारला. “अहो, फ्रिज चालू, पंखा चालू, वर मिक्सर! मोटर सुरू होताना केवढी ओढ बसते. हा बिचारा किती सोसणार? मिक्सर लावताना फ्रिज बंद करायचा.”

“आणि विसरलो तर?”

“तर फोन करा.”

मी दुकानदारीच्या सवयीनं बोलले होते. त्यानं ते मनावर घेतलं.

“मॅडम, चटणी वाटू का?”

“फ्रिज?”

“बंद.”

“वाटा.”

दुसऱ्या दिवशी, “इस्त्री करू का?” तिसऱ्या दिवशी, “ऊन छान आहे, काय लावू?” हळूहळू मॅडमची आम्रपाली झाली, अहोचं अरे झालं. एका ढगाळ दुपारी म्हणाला, “आज बॅटरीत थोडंच उरलंय. एक तर पंखा, नाहीतर तुझ्याशी बोलायला फोन चार्ज. पंखा बंद केलाय... बोल.”

“अरे, फोनला कितीशी वीज लागते!”

“माहितीये. पण सांगायला बरं वाटलं.”

समोर गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि मी आपली काउंटरवर एकटीच हसतेय. प्रेमात पडले होते, झालं!

अडचण एकच — आई. माझी आई कस्तुरा, देहूरोडला एका खोलीत संसार करून आम्हाला शिकवणारी. तिच्याकडे रावेतच्या टू-बीएचकेवाल्याचं स्थळ होतं आणि रविवारी त्यांना उत्तर द्यायचं होतं.

“आधी या पोराचं घर बघीन,” मी आयुषचं सांगितल्यावर ती म्हणाली. “चाकावरच्या घरात लेक द्यायची म्हंजे... मला पटलं न्हाई तर रावेतला हो कळवणार.”

आईचं मन मोडून लग्न करणं मला जमणार नव्हतं. त्या एका दुपारवर सगळं होतं.

रविवारी ताथवड्याच्या प्लॉटवर आई मिनीबसमध्ये पलंगावर बसली. मे महिना, डोक्यावर पंखा. आयुषनं फ्रिज बंद केल्याचं मला डोळ्यांनीच सांगितलं आणि इंडक्शनवर पोह्यांची फोडणी टाकली. मोहरी तडतडली... आणि इन्व्हर्टर किंचाळला. पंखा थांबला. कढई गार.

मी वाकून बघितलं. बॅटरी रिकामी! भर मे महिन्यात? मी दारातून बाहेर डोकावले. छतावर करंजाच्या झाडाची गर्द सावली.

“आयुष... गाडी इथं कधीपासून आहे?”

“काल सकाळपासून.” त्याचे कान लाल झाले. “आतला पत्रा फार तापतो गं. म्हटलं, आई यायच्या आधी गार होऊ दे.”

“आणि छतावर पॅनल काय शोभेला बसवलीस?”

मी चिडले खरी, पण लक्ष सगळं आईकडे होतं. आता आई उठणार, पर्स घेणार आणि रावेतला फोन लावणार...

आई उठलीच. पदरानं कपाळ टिपलं, पडदा सारून झाडाकडे बघितलं, मग आयुषकडे.

“माझ्यापायी सोताच्या घराची वीज घालवून बसला. येडं हाय हे.” तिनं कढईवर झाकण ठेवलं. “गाडी उन्हात घे.”

“पण आई, तुम्हाला त्रास होईल —”

“फौंड्रीत भट्टीपुढं काम केलंय मी, बाबा. घे गाडी. पोहे कच्चे राहिलेत. आणि आम्रे, तू खाली उतरून मागं बघ. घाबरलंय पोरगं, ठोकील कुठंतरी.”

मी मागे जाऊन उभी राहिले. “येऊ दे... येऊ दे...”

आरशात त्याचे डोळे दिसत होते. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. “अजून?”

“अजून.”

“आम्रपाली, हे असं आभाळाकडे बघून स्वयंपाक करणं... माझ्याबरोबर, कायमचं... चालेल तुला?”

“पुढे — म्हणजे मागे बघ!”

“आधी सांग.”

“चालेल!” मी भर प्लॉटवर ओरडले. “तू आवडतोस मला. खूप आवडतोस. येऊ दे अजून!”

तेवढ्यात मागच्या खिडकीची काच सरकली. आत आई, घामानं निथळलेली, कानाला फोन.

“न्हाई, न्हाई जमणार. पोरीचं ठरलं आमच्या... व्हय, आत्ताच. पोरगा चाकणला कंपनीत हाय... घर? हाय की सोताचं! उन्हातच घेतोय बघा आत्ता.”