न काढलेली लाल रेघ

जिथे औषधालाही झाड सापडत नाही आणि बर्फ वितळू लागला की नद्या दरसाल नवी पात्रे शोधत, तळी नि दलदली कवेत घेत उत्तर सागराकडे सरकू लागतात, त्या सायबेरियाच्या मुलखाच्या तोंडाशी झारचा एक लाकडी कोट उभा होता. आणि त्या पहाटे कोटातला नकाशेकार येफिम आपल्या कागदासमोर नुसता चुळबुळत बसला होता.

निळ्या रेघांनी नद्या उतरल्या होत्या, हिरव्या ठिपक्यांनी दलदली. राहिली होती एकच लाल रेघ, दलदलीतून पलीकडच्या बेटावर जाणाऱ्या पायवाटेची. बेटावरच्या रेनडिअर पाळणाऱ्या नेनेत्स लोकांचा म्होरक्या याब्को याने गेल्या उन्हाळ्यात ती विश्वासाने दाखवली होती. जनावरे हाकायची लांब काठी चिखलात खुपसायची; हातभर खाली कधीच न वितळणारा बर्फ टणकन लागला तर पाऊल टाकायचे, नाहीतर मागे फिरायचे. आता कातड्यांची खंडणी वसूल व्हावी म्हणून त्याच वाटेने फौज घालून किल्लेदाराला त्यांची पोरे ओलीस आणायची होती.

"लाल रेघ कोठे आहे?" किल्लेदार अर्सेनी दारातूनच गरजला.

"वाट उरली नाही, हुजूर. यंदा बर्फ फार खोल वितळला."

"आम्हांस शब्द नको, प्रत्यय हवा. फौजेच्या अग्रभागी आपणच चालावे!"

अर्सेनी नि तीस शिपायांच्या पुढे येफिम निघाला. खरी वाट खुणेच्या दगडापाशी डावीकडे वळत होती. तो नाकासमोर चालत राहिला. काठी खुपसली, ती मुठीपर्यंत गेली. पण नुसत्या काठीने अर्सेनीची खात्री पटायची नाही, हे तो पुरते ओळखून होता. त्याने देवाचे नाव घेतले आणि पाऊल टाकले.

"मागे सरा!" छातीपर्यंत रुतलेला येफिम ओरडला. दोर टाकून त्याला ओढून काढण्यात दोन घटका गेल्या. किल्लेदाराने मुकाट्याने फौज फिरवली.

त्या बर्फगार चिखलातल्या थंडीने येफिमचा उजवा पाय नेला. राजधानीकडे गेलेल्या नकाशावर त्या जागी त्याने स्वहस्ते लिहिले, 'अगम्य'. हयातीत त्याने नकाशावर लिहिलेले तेवढेच एक खोटे.

हिवाळ्याच्या तोंडाला याब्को कातडी घेऊन फाटकाशी आला. कुबडी पाहून थबकला.

"पाय कुठं गेला, दादा?"

"तुझ्या वाटेच्या शेजारीच पडलाय."

याब्कोने वाट चाचपायची आपली काठी येफिमच्या हातात दिली. कुबडीपेक्षा ती चांगली दुप्पट लांब होती.