सायकलच्या घंट्यांची वही

आमची ओळख झाली ती मी त्याचं पेन काढून घेतलं म्हणून.

"इथे शाई चालत नाही," मी म्हटलं. "कागद जुने आहेत. पेन्सिल घ्या."

"आणि पेन?"

"जाताना मिळेल. नीट वागलात तर."

बर्मिंगहॅमच्या दफ्तरखान्यात नऊ वर्षं काढली की माणसं उंबऱ्यातच ओळखू येतात. कुणी घराण्यात लॉर्ड शोधायला येतो, कुणी कुंपणाच्या भांडणासाठी, कुणी नुसता पाऊस चुकवायला. याच्या कोटाचे खांदे ओले होते, म्हणून मी त्याला पाऊस चुकवणाऱ्यांत मोजून टाकलं. चुकले.

"क्लाउट अँड पेंब्री," तो म्हणाला. "बंदुका बनवायचे. एकोणीसशे एकवीस साली बंद पडले. त्यांची नंबरवही हवी आहे."

"बंदूक आहे तुमच्याकडे?"

"नाही. आत्या आहे."

नाव गिडियन फेलोज, शाळेत सुतारकाम शिकवणारा. आत्या मिली, वय एकोणनव्वद. तिची आई एडा घरी बसून बंदुकांच्या लाकडी दस्त्यांवर बारीक जाळी कोरायची, हात घसरू नये म्हणून असते ती. जुन्या बंदुकांच्या एका प्रदर्शनात मिलीआत्या म्हणाली, "ही जाळी माझ्या आईच्या हातची." तिथला जाणकार चारचौघांत हसला. "बाई, असलं काम बायकांना देत नसत!" त्या दिवसापासून आत्यानं आईचं नाव काढलं नाही. आणि आता डॉक्टर म्हणत होते, उन्हाळा बघेल की नाही, सांगता येत नाही.

"नंबरवहीत प्रत्येक बंदुकीपुढे कारागिराचं नाव असतं," तो म्हणाला. "नळी कुणाची, चाप कुणाचा, दस्ता कुणाचा... जाळी कुणाची."

चार शनिवार आला. दहाला यायचा, चारला आम्ही दार लावेपर्यंत बसायचा. मी खोकी आणायची, तो धूळ खायचा. दुपारी पायरीवर बसून चीज आणि कांद्याच्या लोणच्याचा पाव अर्धा-अर्धा. पान उलटताना त्याची बोटं लाकडाचा पोत बघावा तशी कागदावरून फिरायची... आणि मी उगीच यादी तपासत राहायची.

चौथ्या शनिवारी त्यानं तीन खिशांतून तीन पेनं काढून माझ्यापुढे ठेवली.

"एवढी?"

"तुम्हाला घ्यायला आवडतं ना..."

खोकी उचलणारी आमची हिल्डा मागून म्हणाली, "पोरी, कान लाल झालेत तुझे. थंडीनं असतील!"

मंगळवारी वही सापडली. कुणाच्या तरी पत्राला उत्तर द्यायचं म्हणून मी सायकलच्या घंट्या बनवणाऱ्या एका कारखान्याची वही काढली होती. अर्ध्यावर नोंदी संपल्या. आमच्या गावात अर्धी कोरी वही कुणी टाकत नाही. उलटी करतात, दुसऱ्या टोकानं सुरू करतात. माझे वडीलसुद्धा करायचे. तरी नऊ वर्षांत मला ही वही उलटी करायचं सुचलं नव्हतं. केली. क्लाउट अँड पेंब्री! त्यांची जागा घंटीवाल्यांनी घेतली, तेव्हा वहीही घेतली असणार. शेवटच्या रकान्यात सुबक अक्षर: जाळी — श्रीमती फेलोज. पुढे पुन्हा. मग पुन्हा.

फोन उचलला... आणि ठेवला. वही मिळाली की शनिवार संपले. बुधवारी म्हटलं, उद्या. गुरुवारी म्हटलं, शनिवारी आलाच की हातात देऊ. शुक्रवारी एक म्हातारी तिच्या आईचा दाखला मागायला आली, आणि म्हणाली, "जरा लवकर बघ गं, माझ्याकडे फार दिवस नाहीत."

झेरॉक्स घेऊन मी संध्याकाळच्या बसनं स्मेथिकला, त्याच्या अर्जावरच्या पत्त्यावर गेले. दार गिडियननं उघडलं. मी कागद पुढे केले.

मिलीआत्या खिडकीशी, पायांवर शाल. "चष्म्यानं भागत नाही," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच."

मी वाचू लागले. नंबर, साल, श्रीमती फेलोज. नंबर, साल, श्रीमती फेलोज. विसाव्या ओळीला मी म्हटलं, "पुढे असंच आहे."

"मग असंच वाच."

सेहेचाळीस ओळी होत्या. संपल्यावर तिनं पायांवरची शाल नीट केली. मग म्हणाली, "कधी सापडली गं?"

आज, असं म्हणता आलं असतं.

"मंगळवारी."

गिडियननं मान वर केली. "आज शुक्रवार आहे."

"हो. वही मिळाली असती तर तुम्ही... शनिवारी आला नसतात."

मी कागद आत्याच्या शालीवर ठेवले.

"आणि मी बुधवारी मेले असते तर?" आत्या म्हणाली. "गिडियन, चहा टाक. हिला साखर देऊ नकोस."

तो मला स्टॉपपर्यंत सोडायला आला. पाऊस असा बारीक, की छत्री उघडावी तर लाज वाटावी. अर्धा रस्ता तो माझ्या दोन पावलं पुढे चालला.

"रोज सकाळी मी तिच्या नाकापाशी हात धरतो," शेवटी म्हणाला. "श्वास लागला की मग किटली ठेवतो. आणि तू तीन दिवस..."

त्यानं मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं, आणि तेही असं. माफी मागायला तोंड उघडलं. शब्द फार छोटा वाटला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. "वहीच्या बाबतीत. बाकीच्या बाबतीत... नाही."

बस वळणावर दिसली. मी पायरीवर चढले.

"उद्या दहाला येईन," तो खालून म्हणाला.

"आता काय शोधायला?"

"शोधायला नाही, भांडायला. चारपर्यंत तरी पुरेल."

"आणि चारनंतर?"

ड्रायव्हरनं दार लावायला घेतलं. गिडियननं ते हातानं अडवलं, माझ्याकडे बघितलं... आणि एक पाय पायरीवर ठेवला.

"पोरा, ठरव बाबा," ड्रायव्हर म्हणाला. "आत की बाहेर?"

तो आत आला.