तिसरा खांदा

दिवा जरा इकडे सरकव. हं, पुरे. सांगतो, पण मध्ये थांबलो तर थांबू दे. मला घाईने बोलता येत नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही चौघे मित्र. ड्रायव्हर, कंपाउंडर, शिंपी आणि मी. मी एकतीस वर्षं बसचा कंडक्टर होतो. ड्रायव्हरने आपली जुनी जीप दुरुस्त करून आणली होती आणि ती लांबवर चालवून बघायची होती, तेवढंच काम. कंपाउंडर म्हणाला, नुसती गाडी काय फिरवायची, शनिवार-रविवार जुने राजवाडे आणि किल्ले तरी बघून येऊ. आयुष्यभर तुम्ही लोकांना तिथे पोचवलं, स्वतः कधी उतरला नाहीत. ते खरंच होतं.

शिंप्याची नजर अधू झाली होती. चाळीस वर्षं काळ्या कापडावर काळा दोरा घातला की दुसरं काय होणार? उजेडात भागायचं, सावलीत गेला की चाचपडायचा. निघताना वहिनी जीपपर्यंत आली. "भावजी, मी यांना तुमच्या भरवशावर पाठवते आहे. अंधाराच्या जागी हात सोडू नका यांचा."

"वहिनी, एकतीस वर्षांत एक पॅसेंजर मागे ठेवला नाही मी," मी म्हणालो.

"याच्या लग्नात हा नवरीकडे बघायचं सोडून वऱ्हाड मोजत होता," ड्रायव्हर म्हणाला, आणि वहिनी हसली.

माझी मोजायची एक रीत होती. तोंडं बघून मी कधी मोजलं नाही. तोंडं हलतात, खाली वाकतात, झोपतात. गर्दीत मी खांद्याला हात लावत जायचो. एक, दोन, तीन. खांदा फसवत नाही. त्या दोन दिवसांतही प्रत्येक ठिकाणाहून निघताना मी तिघांच्या खांद्यांना हात लावायचो, मग बसच्या दोन घंट्यांसारखं "डबल" म्हणायचो, आणि मगच ड्रायव्हर गाडी काढायचा. खेळच झाला होता आमचा.

शनिवारी दोन राजवाडे झाले. रविवारी दुपारी किल्ला. वर बघण्यासारखं फार उरलं नव्हतं, पण पोटात एक भुयार होतं, जुनं धान्याचं कोठार. तिथला राखणदार म्हणाला, पाचला दार लावून मी खाली गावात जातो, बघायचं तर आत्ता बघा. साडेचार वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

आत दहा पावलांत ऊन संपलं. राखणदाराच्या हातात बॅटरी होती. भिजून वाळलेल्या पोत्यांचा वास येत होता, आणि त्याखाली दुसरा एक वास, नुकत्याच विझलेल्या वातीसारखा. आमचे आवाज पुढे जायचे आणि परतायचे नाहीत.

शिंपी सारखा भिंतीला हात लावून थांबायचा. "बघ रे," म्हणाला, "दगडाला दगड जोडलाय पण शिवण हाताला लागत नाही. काय कारागीर असेल!" मी त्याचा हात धरला होता. खरंच धरला होता. पण त्याला दोन्ही हातांनी भिंत चाचपायची होती. "सोड जरा," म्हणाला. मी सोडला.

तेवढ्यात बॅटरी पिवळी झाली आणि गेली.

"घाबरू नका," राखणदार दाराच्या बाजूने म्हणाला. "भिंत धरून सरळ मागे फिरा. माझ्या आवाजाने या."

मी वाटेच्या कडेला उभा राहिलो, म्हणजे सगळे माझ्यासमोरून जातील. हात पुढे धरला. पहिला खांदा आला, जाड, घामट. ड्रायव्हर. एक. दुसरा हाडकुळा, औषधाचा वास. कंपाउंडर. दोन.

मग तिसरा.

शिंप्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता, मशीनवर वाकून वाकून. मला तो झोपेतही कळला असता. माझ्या हाताखाली आला तो खांदा सरळ होता. गार होता. पिळून ठेवलेल्या कपड्यासारखा ओला. आणि तो पुढे सरकला नाही... थांबला. मोजून घ्यायला थांबतात ना माणसं, तसा.

मी "कोण?" असं विचारायला हवं होतं. शिंप्याला हाक मारायला हवी होती. पण माझ्या तोंडून निघालं, "तीन."

आणि मग मी ते केलं. एकतीस वर्षं मी मागच्या दारात उभा राहिलो होतो. शेवटचा माणूस चढल्याशिवाय कधी चढलो नाही. त्या दिवशी मी त्या दोघांना कोपराने बाजूला सारून सगळ्यांच्या पुढे पळालो.

बाहेर उन्हात माझ्यामागून ड्रायव्हर आला. कंपाउंडर आला. राखणदाराने दाराला हात लावला. "झाले सगळे?"

समोर दोनच माणसं होती. मला दिसत होतं. 'नाही' म्हटलं तर कुणीतरी आत जायला हवं होतं, आणि तो कुणीतरी मीच होतो.

"झाले," मी म्हणालो. "मोजलेत."

त्याने कडी घातली, कुलूप लावलं आणि सायकलवर बसून उतार धरला.

ड्रायव्हर तोवर जीपकडे गेला होता, कंपाउंडर आडोशाला. दोघांना वाटलं, शिंपी दुसऱ्याबरोबर आहे. मीच म्हणालो, पाणी प्यायला गेला असेल. मग आम्ही तटावर हाका मारत फिरलो. मीही मारल्या. कुठे आहे ते माहीत असून दुसरीकडे तोंड करून हाका मारल्या. शेवटी कंपाउंडरच म्हणाला, "आत तर नाही राहिला?" ड्रायव्हर राखणदाराला आणायला जीप घेऊन पळाला.

दार उघडेपर्यंत दोन तास गेले होते. शिंपी दाराशीच बसला होता. शांत. माझा आवाज ऐकून म्हणाला, "अरे, तू बाहेर कधी गेलास? आत्ता तर माझा हात सोडलास."

राखणदाराने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

घरी गेल्यावर त्याने वहिनीलाही तेच सांगितलं, की हा दोन तास माझा हात धरून बसला. वहिनीचे डोळे भरून आले. "भावजी, तुम्ही होतात म्हणून." मी मान खाली घातली. तिला तो माझा चांगुलपणा वाटला. ड्रायव्हर आणि कंपाउंडर खरं जाणून होते, पण म्हणाले, त्याला तसं वाटून बरं वाटतंय ना, मग राहू दे. आणि मी राहू दिलं. सात वर्षं तिच्या हातचा चहा प्यायलो. एक घोट कधी सुखाने उतरला नाही.

मागच्या महिन्यात कळलं, शिंप्याने अंथरूण धरलंय, आता उठेल असं वाटत नाही. मी चार-पाच महिने तिकडे फिरकलो नव्हतो. दुपारी गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होती. मी त्याच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "तो मी नव्हतो रे. मी बाहेर होतो. दारात 'झाले' म्हणालो, आणि तू आत आहेस हे मला माहीत होतं."

त्याने चादरीची किनार बोटांनी चाचपली.

"माहीत आहे," म्हणाला. "शिंपी आहे मी. तुझा हात मला कळत नाही का?"

"मग सात वर्षं बोलला का नाहीस?"

"लाजेने." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "आवाज तुझाच काढला होता त्याने. मी म्हटलं, सोड मला. म्हणाला... मला आजवर कुणी माणसांत मोजलं नव्हतं. ज्याने मोजलं, त्याचं माप दे, मग सोडतो."

"माप?"

"तुझे सदरे मीच शिवतो ना. तोंडपाठ होतं सगळं. गळा, छाती, खांदा, उंची... मी सगळं सांगितलं रे. तुला देऊन मी सुटलो."

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्याने मला दिलं, पण आधी मी त्याला दिलं होतं. दोघंही रडलो, आवाज न करता, वहिनीला कळू नये म्हणून.

ती चहा घेऊन आली. माझा आवाज ऐकून तिला आनंद झाला होता. "भावजी, आज बोललात, किती बरं वाटलं! नाहीतर रोज येता आणि यांचा हात धरून नुसते बसून असता. आणि आज लवकर आलात. रोज तीनला येता."

घड्याळात तीनला पाच कमी होती.

शिंपी माझ्याकडे बघत नव्हता. "जा तू," म्हणाला. "अजून वेळ आहे. जा."

चप्पल दारातच होती. जिना मोकळा होता. तुला खरं सांगतो, पाय उठले होते. पण मग मी परत बसलो आणि त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. "या वेळी नाही जात," म्हणालो.

मी दाराकडे पाठ करून बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, माझ्यासारखीच. उंबऱ्याशी येऊन थांबली. मी वळलो नाही. शिंप्याने मान उचलली, डोळे बारीक केले आणि माझ्या डोक्यावरून कितीतरी वेळ बघत राहिला, गिऱ्हाइकाने नवा सदरा घालून दाखवल्यावर बघायचा तसा.

मग हळूच म्हणाला, "हात लांब झालेत रे... गुडघ्याच्या खाली आलेत. हे माप मी नव्हतं दिलं."