बुधवारी बिघडणारा संगणक

किरगिझस्तानातल्या काराकोल शहराच्या गच्च भरलेल्या मिनीबसमध्ये, त्या हिमाच्छादित प्रभाती, रजईत गुंडाळलेले बाळ उराशी धरून एक युवती चढली आणि कुबानने तत्क्षणी आपली जागा तिला दिली.

“किती महिन्यांचं?” त्याने आदराने विचारले.

“बारा वर्षांचा आहे.”

कुबान स्तंभित झाला. तिने रजईचे टोक किंचित दूर केले… आत संगणकाची पत्र्याची पेटी होती!

“गारठेल म्हणून अपाने गुंडाळून दिला,” ती म्हणाली. अपा म्हणजे तिची आई. “उठायलाच वीस मिनिटं लावतो हो. प्रश्नपत्रिका टाइप करायला बसते, तर चहा थंड होतो तरी हा आपला झोपलेलाच.”

“मी… मी संगणकच दुरुस्त करतो,” कुबान कसाबसा म्हणाला.

आता चकित होण्याची पाळी तिची होती. ती हसली, पापणीवरचा हिमकण वितळून गालावर ओघळला. तिचे नाव जिपारा.

गुरुवारी कुबान तिच्या घरी गेला. त्याने पेटीतली धूळ फुंकली आणि संगणकाबरोबर विनाकारण जागे होणारे एकतीस प्रोग्रॅम बंद केले. दोन मिनिटांत पडदा उजळला! जिपाराने लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. अपाने जर्दाळूचा जाम वाढला. हवामान केंद्रातून निवृत्त झालेल्या अपाला, तिच्याच म्हणण्यानुसार, आता डोळ्यांनी धड दिसत नसे.

परंतु पुढच्या गुरुवारी पुन्हा वीस मिनिटे! त्याच्या पुढच्याही गुरुवारी! कुबान दुरुस्त करी आणि संगणक पुन्हा आळसावे. पडदा उजळेपर्यंत दोघे शेजारी बसत… कधी बोटाला बोट लागे, आणि दोघेही घाईघाईने यंत्राविषयीच बोलू लागत.

सहाव्या गुरुवारी जिपारा दारातच उभी होती.

“खरं सांगा. शाळेत सगळे म्हणतात, हा माणूस मुद्दाम काहीतरी बिघडवून जातो. परत यायला मिळावं म्हणून.”

“मी?” कुबानवर जणू वज्राघात झाला. त्याच्यापाशी प्रामाणिकपणाच्या लौकिकावाचून दुसरी दौलत नव्हती. आणि आज तोच जात होता, तोही हिच्या नजरेतून.

“आणि मी वेडी, काय समजत होते…” तिने मान फिरवली. “जा तुम्ही.”

तो वळला, तोच अपा भाकरीचे ताट घेऊन आडवी आली. “या घरातून भाकरीचा तुकडा मोडल्याशिवाय कुणी जात नाही. बस, पोरा.”

भाकरीला नाही म्हणणे किरगिझ माणसाला कसे शक्य होते? तो बसला. त्याने तुकडा मोडला. “जिपारा, एकदाच पाहू द्या. मग आयुष्यात येणार नाही.”

त्याने बटण दाबले. वीस मिनिटांनी पडदा उजळताच त्याने आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी उघडली. चौतीस! प्रत्येकापुढे तो तिथे टाकल्याची तारीख आणि वेळ होती.

“सगळे बुधवारचे,” तो पुटपुटला. “सकाळी अकराचे. मी तर दुकानात असतो…”

“मी सहावीच्या वर्गावर…”

दोघांच्या माना सावकाश वळल्या. अपा आधीच भरलेल्या वाटीत चहा ओतत होती.

“अपा! तुला तर दिसत नाही ना?”

“वीस वर्षं केंद्रात संगणकावर बसले, ते काय ढग मोजायला?” अपा उसळली. “मुलीकडच्यांनी पहिला शब्द टाकायचा नाही, ही आपली रीत. मग मी करू काय? पाच गुरुवार माझा जाम संपवलात, आणि दोघं त्या डबड्यात तोंड खुपसून बसता! अजून किती बिघडवू?”

जिपाराचे मुख आरक्त झाले. “कुबान… मी तुम्हाला नको ते बोलले.”

“खोटं नव्हतं सगळं,” तो अडखळला. “बिघडवलं नाही मी… पण दर बुधवारी मनात म्हणायचो, उद्या पुन्हा बिघडलेला असू दे. मला तू आवडतेस, जिपारा. रविवारी माझी आई येऊन तुझ्या कानांत मागणीची कर्णफुलं घालेल… चालेल?”

“रविवारी कशाला?” जिपारा म्हणाली. “उद्याच आण तिला.”

“अगं, जरा लाज!” अपा किंचाळली, आणि चहाची वाटी तिच्या हातून गळून पडली.