ऐकणारा भोंगा

बालाघाटच्या बसस्टँडमागच्या गल्लीत रीना डोंगरेचं दुकान आहे. पाटी मोटर वाइंडिंगची, पण गिऱ्हाईक भलत्याच कामांसाठी येतं. जुन्या कूलरच्या पंख्यावर धान उफणायचं यंत्र, सायकलच्या पायडलवर फिरणारी चक्की, उठताना म्हाताऱ्या माणसाला हळूच वर ढकलणारी खुर्ची, असलं काय काय तिच्या हातून निघालंय. 'हे काही जमायचं नाही' असं कोणी म्हटलं की रीनाच्या अंगात यायचं. आणि बहुतेक वेळा जमायचंच, त्यामुळे तिचा तोरा उतरायला तसं काही कारण घडलं नव्हतं.

भोंग्याचंच बघा. धानात दूध भरलं की पोपटांचे थवे उतरतात. हल्ली गावोगाव लोकांनी वावरात भोंगे टांगलेत. त्यात माणसाची आरोळी भरून ठेवायची, ती दिवसभर आपली वाजत राहते. पण पोपट काही खुळे नसतात. चार-आठ दिवस दचकतात आणि मग त्याच भोंग्यावर बसून आरामात दाणे सोलतात. रीनाने डोकं लढवलं आणि भोंग्याला कान बसवला. एक छोटा माइक, स्कूटरची जुनी बॅटरी आणि वर सोलरची पाटी. पाखरांचा गलका कानावर आला तरच भोंगा ओरडायचा. मग गप्प होऊन ऐकायचा, आणि अजून आवाज असला तर पुन्हा ओरडायचा. एरवी मुकाट. कधी ओरडेल याचा पोपटांना अंदाजच येईना. राजेगावपासून वारासिवनीपर्यंत तिचे भोंगे लागले आणि रीना दोन हंगाम कॉलर ताठ करून फिरली.

राजेगावजवळ, अगदी नदीला लागून, अनुसयाबाईचं वावर होतं. नवरा भोजराज नागपूरला बांधकामावर. घरी ती आणि पाचवीतली खुशी. धान भरायला लागलं की खुशीची शाळा बंद आणि मचाण सुरू, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. गुरुजींनी यंदा बजावलं होतं, पोरगी अशीच गायब राहिली तर परीक्षेला बसवणार नाही. रीना स्वतः लहानपणी मचाणावर बसलेली. उन्हात एकटं बसून घसा फोडणं काय असतं ते तिला ठाऊक होतं.

"यंदा खुशी मचानावर चढनार नाई, वहिनी," ती म्हणाली. "हा माहा शब्द."

पोपटांना खुशीचाच धाक होता, म्हणून रीनाने आवाजही तिचाच भरायचं ठरवलं. पोरगी मचाणावर उभी राहिली, तोंडापाशी हात धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "हुर्रर्र हाऽऽ! हुर्रर्र हाऽऽ!" आणि सवयीने शेवटी सूर उंच करून विचारलं, "आहेस का गाऽऽ?"

राखणीची ती रीत. एका मचाणावरच्याने विचारायचं, शेजारच्या वावरातल्याने 'हौ' म्हणून ओ द्यायची. दोघांनाही डुलकी लागत नाही, आणि एकटंही वाटत नाही. पण खुशीचं मचाण नदीकडे तोंड करून होतं.

"पल्याड कोन असते?" रीनाने विचारलं.

"कोनी नाई. खाली रेती आहे," खुशी म्हणाली. "मी अशीच इचारते."

रीनाला ते इतकं गोड वाटलं की तिने तो प्रश्न कापला नाही. आरोळी जशीच्या तशी भोंग्यात गेली. कापायचं म्हटलं असतं तर हातासरशी झालं असतं.

भोंगा लागला आणि खुशी दप्तर घेऊन शाळेत जायला लागली. दिवाळीच्या जरा आधी अनुसयाबाईचा फोन आला.

"दीदी, तुमचा भोंगा बंदच नाई होऊन राह्यला. एक पोपट नाई वावरात, तरी दिवसभर बोंबलून राह्यला. येऊन पाहा बरं."

माइकमध्ये मुंगी शिरली असेल, नाहीतर तार सैल झाली असेल. रीनाने पिशवीत पाना-पक्कड टाकली आणि स्कूटी काढली.

ती पोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. धानाला कच्च्या दुधाचा गोडसर वास येत होता. लोंब्या खाली झुकलेल्या, बांधावरचं गवत तापलेलं, वारा अजिबात नाही. पाखरू म्हणून एक नव्हतं. मचाणाच्या खांबावर भोंगा होता आणि तो खुशीच्या आवाजात ओरडत होता.

"हुर्रर्र हाऽऽ! हुर्रर्र हाऽऽ! आहेस का गाऽऽ?"

मग तो गप्प झाला. ऐकायला लागला. नदीकडून, खूप लांबून, बारीक आवाजात उत्तर आलं.

"हौऽऽ."

माइकजवळचा लाल दिवा लुकलुकला आणि भोंगा पुन्हा ओरडला.

रीना मोठ्यांदा हसली. "पाहा! तिकडच्या कोन्या कारट्याले खेळ सापडला. तो ओ देते, भोंगा ऐकते, पुन्हा इचारते. मशीन एकदम बरोबर चालून राह्यली, वहिनी."

"तिकडे कोनी जात नाई, दीदी."

"मंग घुमत असंल आवाज. नदी आहे, पल्याड तो कडा."

हे बोलतानाच तिला कळलं होतं की घुमून आलेला आवाज प्रश्नच परत आणतो, उत्तर आणत नाही. आणि एखादी गोष्ट न बघता सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने चपला बांधावर ठेवल्या, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि ती पाण्यात उतरली. पाणी पोटरीएवढं आणि पायाखाली गुळगुळीत गोटे. पलीकडे पोचेपर्यंत तिने त्या पोराला काय काय सुनावायचं तेही मनात जुळवलं होतं.

पलीकडे ओली, सपाट रेती होती. तिच्यावर बगळ्यांच्या पायांच्या नक्ष्या होत्या. माणसाचं एकही पाऊल नव्हतं, लहान नाही की मोठं नाही. कड्याला माणूस लपेल अशी जागाही नव्हती.

मागून, नदीवरून, भोंग्याची हाक आली. "आहेस का गाऽऽ?"

रीना कड्याकडे वळून ऐकायला लागली.

"हौऽऽ."

आवाज या काठावरून आला नाही. तो ती सोडून आली त्या काठावरून आला. भोंग्याच्या आसपासच, धानातून कुठूनतरी. आणि आवाज खुशीचा होता.

बांधावरून अनुसयाबाई हात हलवत होती. "आयकलं का दीदी? अगदी आमच्या खुशीवानी!"

खुशी त्या वेळी शाळेत होती.

परत येताना रीना गोट्यांवरून दोनदा घसरली. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते म्हणून रागही येत होता. मचाणावर चढून तिने एका झटक्यात तार तोडली, भोंगा खाली उतरवला, बॅटरी सोडवली.

"मशीन मी बनवली, मीच नेऊन राह्यली," ती म्हणाली. भोंग्याच्या जागी तिने तेलाचा रिकामा डबा टांगला आणि त्यात सुतळीने एक दगड बांधला. वारा आला की खणखणेल. "मी येतपर्यंत खुशीले मचानावर नका बसवू. मी नवा आवाज भरून आनते, कुत्र्याचा."

वावर एकदम शांत झालं होतं. स्कूटी सुरू करताना तिने मुद्दाम थांबून ऐकलं. काही नाही. तिला बरं वाटलं, आपण वेळेवर आलो असंही वाटलं.

दुकानात तिने भोंगा पूर्ण उघडून पाहिला. माइक ठीक, तार ठीक. आवाज भरला होता तेवढाच. दोष म्हणावा असं काही सापडलं नाही. भीती ओसरल्यावर तिने ठरवून टाकलं की हा कोण्या चेष्टेखोराचा उद्योग. मग मिलच्या मोटरींचं काम निघालं आणि राजेगावला जायचं राहून गेलं. पोपटांनी एव्हाना अनुसयाबाईचं धान साफ केलं असेल, खुशी पुन्हा मचाणावर चढली असेल, हा विचार तिला रोज टोचायचा. शब्द दिला होता. शेवटी एका दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला, कुत्र्याच्या भुंकण्याचा भोंगा घेऊन ती निघाली.

लांबूनच तिला दिसलं. शेजारच्या वावरांवर पोपट खुशाल उतरत होते. तो थवा अनुसयाबाईच्या बांधापाशी आला की दोन्हीकडे फाटायचा आणि वळसा घालून पुढे जायचा. खाली धान जसंच्या तसं उभं होतं. डब्यातली सुतळी गुंतून खांबाला आवळली होती, डबा वाजत नव्हता.

मचाणावर कोणी नव्हतं. पण वर चटई अंथरलेली होती आणि चटईवर एक जेवलेलं ताट.

अनुसयाबाई बांधावरून हसतच आली. "लई उपकार झाले, दीदी. एक दाना नाई गेला यंदा."

"भोंगा तर मी नेला ना?"

"हौ. आता खुशीच बसते ना."

रीना भडकली. "काहून? मी काय सांगतलं होतं? पोरीची शाळा..."

"शाळेत बी जाते. गुरुजीच म्हने, एक दिवस बुडवत नाई."

"शाळेत जाते त मचानावर कोन बसते, वहिनी?"

'असं काय वेड्यासारखं विचारते ही' अशा नजरेने अनुसयाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग तोंडापाशी हात धरून तिने हाक मारली. "खुशीऽऽ!"

"हौऽऽ आई!"

आवाज अगदी जवळून आला, समोरच्या बांधीतून, उभ्या धानातून. एक लोंबी हलली नाही.

"पयले मम्मी मम्मी करे," अनुसयाबाई कौतुकाने म्हणाली. "आता आई म्हनते. भात-वरन नेऊन ठेवलं त ताट चाटूनपुसून साफ. लई गुनाची झाली पोरगी. चला, घरी पानी त घ्या."

रीना मागोमाग गेली, कारण तिला खुशीला बघायचं होतं, आत्ताच्या आत्ता.

खुशी घराच्या पायरीवर बसली होती. शाळेचा गणवेश, मांडीवर दप्तर. अनुसयाबाई पदराने घाम पुसत तिच्या बाजूने आत निघून गेली.

खुशी उठली आणि रीनाच्या ओढणीला धरून उभी राहिली.

"दीदी, मम्मी माह्यासंग नाई बोलत," ती अगदी हळू म्हणाली. "मी आवाज देते त तिले आयकूच नाई येत."

रीनाने तिचा हात घट्ट धरला. गरम हात, बोटांना पेनाची शाई. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, काय दुरुस्त करायचं ते रीनाला कळेना.

अनुसयाबाई थाळीत पाण्याचे दोन गिलास घेऊन बाहेर आली. एक तिने रीनाला दिला. दुसरा, पाहुण्यांच्या लेकराला द्यावा तसा, वाकून, हसून खुशीपुढे धरला.

"घे, पोरी. दीदीसंग आली काय?" तिने मायेने विचारलं. "कोनाची व तू?"